नवा लॅपटॉप घेताय? आधी त्यातला कचरा काढून मागा

आमच्या कॉलनीत रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आहेत. नात बारावीला गेली म्हणून त्यांनी तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला. महिनाभराने सकाळी सकाळी फोन आला, "भाऊ, लवकर ये, लॅपटॉपला व्हायरस लागला."

गेलो तर स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल पट्टी, 'तुमचा संगणक धोक्यात आहे, आत्ताच रिन्यू करा'. व्हायरस वगैरे काही नव्हता. लॅपटॉपमध्ये आधीच भरून आलेल्या अँटिव्हायरसची फुकटची मुदत संपली होती, बस. पण मी पोहोचायच्या आत काकांनी घाबरून कार्डावरून वर्षाचे पैसे भरून टाकले होते. वर ऑटो रिन्यूअलही चालू. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा कापले जाणार.

हे फक्त काकांचं नाही, म्हणून लिहितोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद झाला. तेव्हापासून ओळखीतल्या कितीतरी जणांनी भुसावळात, जळगावात नवीन मशीन घेतली. ज्याला विचारावं त्याची तक्रार तीच. नवीन आहे पण स्लो आहे, सारखं काहीतरी उघडतं, सारखं कुणीतरी पैसे मागतं.

हे होतं कसं? लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना एका मशीनमागे फार नफा सुटत नाही. मग अँटिव्हायरसवाले, गेमवाले, क्लाउडवाले त्यांना पैसे देतात आणि आपलं सॉफ्टवेअर आत बसवून घेतात. म्हणजे मशीन आपण विकत घेतलं, पण त्यातली जागा आधीच दुसऱ्याला विकलेली. घराची किल्ली हातात घ्यावी आणि आत चार भाडेकरू बसलेले असावेत, तसं झालं.

आणि ज्याची भीती दाखवून पैसे घेतले, ते संरक्षण विंडोजमध्ये आधीपासून फुकट आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर आतच येतो. दुसरा अँटिव्हायरस असला की तो बाजूला होतो, आणि दुसरा काढला की आपोआप पुन्हा चालू होतो. घरगुती वापराला, अभ्यासाला, फॉर्म भरायला तो पुरतो. काकांना हे दुकानात कुणी सांगितलं का? नाही.

काही जण म्हणतील, त्यामुळेच तर लॅपटॉप स्वस्त मिळतो. ठीक आहे. मग बॉक्सवर छापा ना, या सॉफ्टवेअरमुळे तुमचे इतके रुपये वाचले. आणि तेवढे जास्त देऊन कोरं मशीन घ्यायची सोय ठेवा. म्हणजे गिऱ्हाईक स्वतः ठरवेल.

दुसरे म्हणतील, नको असेल तर अनइन्स्टॉल करा, एवढं काय! ज्याला येतं त्याला सोपं आहे हो. पण ज्या घरात हा पहिलाच कॉम्प्युटर आहे, तिथे कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं हे कोण सांगणार? पैसे नेमके अशाच घरातून जातात.

प्रश्न फक्त पैशांचाही नाही. २०१४-१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं होतं. ते वेबसाइटमध्ये स्वतःच्या जाहिराती घुसवायचं आणि त्यासाठी बँकेच्या साइटसारखी सुरक्षित कनेक्शनसुद्धा मधेच उघडायचं. अमेरिकी सरकारला ते काढून टाका म्हणून सांगावं लागलं, आणि २०१७ मध्ये कंपनीने तिथल्या नियामकाशी तडजोड केली.

आपल्याकडचा कायदा अजून अर्ध्या रस्त्यात आहे. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला आणि फोनमध्ये आधीच बसवलेली त्यांची ॲप काढायची मुभा लोकांना द्या, असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ॲप काढू देण्याची अट रद्द केली. युरोपात नवा कायदा २०२४ मध्ये लागू झाला, तर तिथल्या लोकांना विंडोजमधला एज ब्राउझरसुद्धा काढता येतो. विंडोज तोच, ब्राउझर तोच. तिथल्या माणसाला जो हक्क मिळाला, तो भुसावळच्या माणसाला का नको?

आणि बोलल्याने फरक पडतो. डिसेंबर २०२५ मध्ये संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीने टाकायचा आदेश बाहेर आला. देशभर ओरड झाली आणि काही दिवसांतच सरकारने सक्ती मागे घेतली. ते सरकारी ॲप होतं म्हणून सगळे बोलले. कंपन्या रोज तेच करतात, तेव्हा आपण गप्प बसतो.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर एवढं करा:

१. पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला सांगा, ट्रायल अँटिव्हायरस, गेम, जाहिरातीची ॲप माझ्यासमोर काढून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. घरी करायचं असेल तर सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन एकेक अनइन्स्टॉल करा.

२. सरसकट सगळं उडवू नका. साउंड, वायफाय, टचपॅडची ड्रायव्हर राहू द्या. लॅपटॉपसोबत कायमचं ऑफिस मिळालं असेल तर ते मुदतीत चालू करून घ्या, आणि तुमच्या स्वतःच्या ईमेलवर. दुकानदाराच्या ईमेलवर केलं तर पुढे पंचाईत होते.

३. नुसतं रिसेट केलं तर कंपनीने भरलेलं सगळं परत येऊ शकतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून कोरं टाकलं तर येत नाही. लायसन्स मशीनलाच जोडलेलं असतं, नव्याने पैसे लागत नाहीत. पण आधी फाइलींची कॉपी काढून ठेवा.

४. फुकट ट्रायलसाठी कार्ड नंबर देऊ नका. दिला असेल तर ऑटो रिन्यूअल आजच बंद करा.

५. फसवून पैसे घेतले असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या नियमावलीत 'सबस्क्रिप्शनचा सापळा' आणि सारखा तगादा लावणं, दोन्ही गैर ठरवलंय.

गावातल्या कॉम्प्युटर विक्रेत्यांनाही विनंती आहे. 'आम्ही साफ करूनच मशीन देतो' अशी पाटी ज्याच्या दुकानात लागेल, त्याच्याकडे आपण सगळे जाऊ. गिऱ्हाईक टिकेल, आणि महिन्याभराने 'व्हायरस लागला' म्हणून येणारे फोनही कमी होतील.

काकांचं ऑटो रिन्यूअल बंद केलं. भरलेले पैसे परत मागायचा मेल टाकलाय. काय उत्तर येतं ते इथेच सांगतो. तुमच्याकडे असं झालं असेल तर खाली लिहा, आणि घरात नवा लॅपटॉप येणार असेल त्यांच्यापर्यंत हे पोहोचवा.