पारध्यांचा अपराध कोणता?

सणासुदीच्या दिवसांत पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत पाय ठेवावयास जागा नसते. अशा गर्दीत एखाद्याचे पाकीट मारले गेले किंवा दुकानातील कापडाचा तागा नाहीसा झाला, म्हणजे चौकशीस आरंभ होण्यापूर्वीच कोणीतरी बोलून जातो, "पालावरचे पारधी आले असतील." हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही अन्याय आहे असे ना बोलणाऱ्यास वाटते, ना ऐकणाऱ्यास. आज आम्हांस याच वाक्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

हे लोक मूळचे कोण? नावातच उत्तर आहे. पारध करणारे ते पारधी. फासे मांडून हरणे व तितर धरणारे ते फासेपारधी. चित्ते माणसाळवून राजेरजवाड्यांच्या पदरी शिकार खेळणारे ते चित्तापारधी. घरात ते वाघरी बोलतात. ती बोली गुजरातीच्या जवळची असल्यामुळे यांचे पूर्वज गुजरात-राजपुतान्याकडून दक्षिणेत उतरले असावेत, असे मानतात. आडनावे पाहावीत तर पवार, काळे, भोसले, चव्हाण. म्हणजे आमच्या दुकानांच्या पाट्यांवर आहेत तीच!

मग शिकाऱ्याचा चोर केव्हा झाला? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यातील न्याय. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. जमातीचे नाव यादीत आले की, तीत जन्मलेल्यास हजेरी, परवाने आणि बोटांचे ठसे यांचा जाच सुरू होई. सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता खरा, पण संशयास सरहद्द कोठली? हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. स्वराज्य येऊनही पाच वर्षे लोटल्यावर या लोकांस ते लाभले.

कायदा गेला, परंतु पोट कशावर भरावे हा प्रश्न राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. वन्य प्राणी वाचले पाहिजेत, याविषयी आमचा वाद नाही. पण ज्या दिवशी फासा बेकायदा ठरला, त्या दिवशी फासेवाल्याच्या हाती नांगर अथवा तागडी देण्याची तजवीज कोणी केली?

अशीच कथा दूर जपानात घडली. होक्काइदो बेटावरील ऐनू लोक हे तेथील प्राचीन रहिवासी. त्यांचे मूळ इतिहासपूर्व जोमोन काळातील लोकांपर्यंत पोहोचते. सामन मासा व हरिण यांवर त्यांची उपजीविका चाले. १८६९ साली जपान सरकारने बेट आपल्या राज्यात सामील केले व पुढे त्यांच्या मासेमारीस आणि शिकारीस बंदी घातली. १८९९ च्या 'संरक्षण' कायद्याने त्यांस 'माजी आदिवासी' असे नाव दिले, ते १९९७ पर्यंत सरकारी दप्तरात राहिले. ते मूळनिवासी आहेत हे जपानच्या संसदेने २००८ साली ठरावाने मान्य केले व २०१९ साली तसा कायदा केला. आम्हीही यादीतील जमातींस 'माजी गुन्हेगार' म्हटले, मग 'विमुक्त' म्हटले. शब्द सौम्य झाला. संशय मात्र तोच राहिला.

काही वाचक म्हणतील, "यांच्यातील काहीजण चोऱ्या करितात, हे खोटे काय?" आमचे उत्तर सरळ आहे. जो चोरी करील त्यास पकडा, पुरावा द्या, शिक्षा करा. परंतु एका कुळाने उधारी बुडविली म्हणून त्या आडनावाच्या सर्व गिऱ्हाइकांची खाती आपण बंद करितो काय? जो हिशेब वहीत चुकीचा, तो माणसांच्या बाबतीत बरोबर कसा?

संशयाची किंमत किती भारी असते, तेही पाहा. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका भयंकर गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांस फाशीची शिक्षा झाली होती. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष सोडिले व प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. सोळा वर्षे तुरुंगात गेली, ती कोणत्या खजिन्यातून परत मिळावयाची? आणि २०१८ साली धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांस जमावाने ठार मारिले. तेथे तर न्यायालयापर्यंत जाण्याचीही संधी त्यांस मिळाली नाही.

विश्वासाचा मार्ग आमच्या महाराष्ट्रात अपरिचित नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात रोजच्या हजेरीची पद्धत बंद केली आणि ज्यांस जग चोर म्हणे त्या फासेपारध्यांस पहाऱ्याच्या कामावर नेमिले. जे संस्थानिकास साधले, ते आम्हांस का साधू नये?

सरकारकडे आमचे मागणे थोडके आहे. पारधी हे महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात. पण दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागितला जातो. ज्यांस कोणत्याही गावाने चार दिवस टिकू दिले नाही, त्यांनी तो कागद आणावा कोठून? अधिकाऱ्यांनी पालावर जाऊन चौकशी करावी व दाखला तेथेच द्यावा. पोलिसांनी गुन्ह्याचा माग काढावा, जातीचा नव्हे.

आणि व्यापारी बंधूंनो, तुमच्याकडे मागणे याहूनही लहान आहे. पारध्याचा मुलगा कामास आला तर नाव ऐकून त्यास परत धाडू नका. इतर पोऱ्यांप्रमाणे त्याचीही महिनाभर पारख करा. त्याची बहीण शाळेत शेजारी बसली, तर आपल्या मुलीस उठवू नका. आणि पुढच्या खेपेस तागा नाहीसा झाला, तर ते जुने वाक्य ओठांवर येण्यापूर्वी क्षणभर थांबा. १९५२ साली कायद्याने ज्यांस सोडिले, त्यांस आमच्या तोंडच्या एका वाक्याने आजही कैदेत ठेविले आहे. ती कैद उठविण्यास कोणत्याही विधिमंडळाची गरज नाही.