तुरटीला वास नसतो

रविवारी भाचा आला. या सदराच्या जुन्या वाचकांना भाचा ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत त्याने मला पावलं मोजणारं घड्याळ दिलं होतं आणि त्यावर मी सलग दोन रविवार किरकिर केली होती. या वेळी त्याने काळ्या खोक्यातून सेंटची बाटली आणली. तिच्यावर नाव होतं ‘बार्बरशॉप’.

“मामा, खास तुमच्यासाठी. जुन्या सलूनचा वास!”

किंमत विचारली तर म्हणाला, गिफ्टची किंमत विचारत नाहीत. ती खोक्याच्या बुडाशी छापलेली होती, त्याची पाठ वळल्यावर मी वाचली. तेवढ्या पैशांत आमच्या न्हावी नानांनी माझी पहिलीपासून मॅट्रिकपर्यंतची सगळी कटिंगं केली असती आणि वर वडिलांच्या दाढ्याही.

मनगटावर फवारा मारला. वास वाईट नव्हता. नुकतीच आंघोळ करून, पावडर लावून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघालेल्या साहेबाचा तो वास होता. साहेब ठीक, पण नाना कुठे आहेत?

भाच्याने मोबाइल काढून माझं अज्ञान दूर केलं. अत्तरांमध्येही गाण्यासारखी घराणी असतात. 1882 साली पॅरिसच्या ऊबिगां पेढीने ‘फुजेर रोयाल’ नावाचं अत्तर काढलं. त्यात लव्हेंडर होतं, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं ओकच्या झाडावर वाढणारं भावंड होतं, आणि कौमारिन होतं. कौमारिनला वाळल्या गवताचा गोडसर वास येतो. ते 1868 मध्ये इंग्लंडच्या पर्किनने प्रयोगशाळेत बनवून दाखवलं होतं. (कृत्रिम जांभळा रंग काढणारा तोच हा पर्किन.) पुढे तिकडच्या न्हाव्यांच्या साबणात, लोशनात, पावडरीत हाच मेळ उतरला. फ्रेंचमध्ये फुजेर म्हणजे नेचा. गंमत अशी, की नेच्याला म्हणावा असा वासच नसतो.

आणि मला तुरटी आठवली.

नानांचं दुकान साताऱ्यात, राजवाड्यामागच्या गल्लीत होतं. दुकान म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि समोरासमोर दोन आरसे. त्या आरशांत माझी डोकी लहान लहान होत पार कुठेतरी निघून जायची. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून मला तिच्यावर बसवत. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर, तिच्यापुढे उदबत्ती. रेडिओ कायम चालू. एका पेल्यात पाणी असायचं. नाना त्यात डेटॉलचे थेंब टाकत आणि ते पाणी डोळ्यांदेखत दुधासारखं पांढरं होई. मला तो जादूचा प्रयोग वाटे. मग त्यात वस्तरा बुडे, चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा वर-खाली होई आणि माझ्या मानेवर येई. त्याआधी मशीन. मशीनला शिलाईयंत्राचं तेल घातलेलं असायचं, तरीही ते केस कापण्याऐवजी ओढायचं. मी ‘आई गं’ म्हटलं की नाना म्हणत, “वाघ कधी ओरडतो का?” वाघ ओरडतोच, पण मानेला वस्तरा लागलेला असताना वाद कोण घालणार?

शेवटी तुरटी. ओल्या खड्याचा तो गार, गुळगुळीत स्पर्श मानेवरून फिरला की कटिंग संपलं. सलूनचा वास म्हणजे तुरटीचा वास, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलो. या आठवड्यात घरातला खडा शोधला, ओला केला, नाकाशी धरला. काही नाही. पुन्हा ओला केला. काही नाही. बायको म्हणाली, सर्दी झालीय का?

तुरटीला वास नसतो. मग पन्नास वर्षं माझ्या नाकात काय आहे? आठवून आठवून उत्तर सापडलं, ते फारसं सुवासिक नाही. दिवसभर तोच तोच वापरलेल्या, कधी पुरता न वाळलेल्या पंच्याचा तो कुबट वास. आणि तुरटी धरलेल्या नानांच्या बोटांना येणारा बिडीचा. भाच्याच्या बाटलीत नेमकं हेच गाळलेलं होतं.

वडिलांची गोष्ट वेगळी. रविवारची दाढी झाली की ते पांढऱ्या बाटलीतलं, जहाजाचं चित्र असलेलं ओल्ड स्पाइस गालांवर चोपडत. आई म्हणायची, “आज गालावर मसालेभात का?” मर्दानी म्हणून मिरवणारं हे प्रकरण 1937 मध्ये पहिल्यांदा बाजारात आलं ते बायकांसाठी. पुरुषांसाठीचं निघालं 1938 मध्ये. वडिलांना हे सांगायचं राहूनच गेलं.

तर, कटिंग करून घरी आलो की पुढच्या दाराने प्रवेश नसे. मागल्या अंगणात उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही. आई लांबूनच ओरडे, “शिवू नकोस!” बंबातलं पाणी काढलेलंच असे. कपडे तिथेच टाकायचे आणि डोक्यावरून आंघोळ. मानेत टोचणारे केस धुवायचे हे खरंच, पण तेवढंच नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. धुवायचा होता तो नानांचा हात.

आमच्या आजीची आत्या लाल आलवणात होती. दर काही दिवसांनी मागल्याच दाराने न्हावी येई. त्या हाताने केलेलं केशवपन पवित्र आणि त्याच हाताने कापलेले माझे केस विटाळाचे, हा हिशेब कोणी मांडला देव जाणे. पण 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनीच सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचं नाकारलं. पुढाकार होता ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. पोटावर पाय येईल हे माहीत असून गिऱ्हाईक नाकारायचं! आमच्या घरात मात्र ती बातमी आजीच्या आत्यापर्यंत पोचली नाही. किंवा पोचली असेल आणि मागल्या दारातच आंघोळीला थांबवली असेल.

मी कुठून कुठे आलो. बाटली.

बाटली सध्या न्हाणीघरातल्या फळीवर आहे, खोबरेल तेलाच्या शेजारी. बायकोला वास आवडला. परवा मी सलूनमधून आलो, तर दारातच म्हणाली, “आधी आंघोळ करा. आणि मग ते लावा, चांगलं वाटतं.” मी आंघोळ केली, टॉवेलने मान खसखसून पुसली आणि स्वच्छ अंगावर हजामतीच्या दुकानाचा वास फवारला.

आईला हे कुठल्या तोंडाने सांगणार?