वहीआधी ताटं मांडू द्या

जून उजाडला की तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांच्या पाठीवरही दप्तर चढतं. त्यात रेघा गिरवायची वही असते, ‘ए टू झेड’ची वही असते, शंभरपर्यंतचे आकडे असतात आणि घरून करून आणायचा अभ्यासही असतो. वही भरली की मूल शिकतंय असं पालकांना वाटतं, आणि पालकांना तसं वाटावं म्हणून शाळा वह्या भरून घेतात. या वयातलं बरंचसं शिकणं मात्र वहीत दिसतच नाही. ते रोजच्या कामात, खेळात आणि त्या वेळी मोठी माणसं मुलाशी जे बोलतात त्यात घडतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं आणि त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या आराखड्यानं मान्य केलं आहे. पण मुलाला नुसतं खेळायला सोडून भागत नाही. खेळ फळाला यायचा तर शेजारी बोलणारं, विचारणारं, ऐकून घेणारं मोठं माणूस हवं. त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

आकड्यांचंच पाहू. आकडे म्हणता येणं आणि संख्या कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ते वीस घडाघडा म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाकडे पाच चमचे मागावेत; बऱ्याचदा ते हाताला येतील तेवढे चमचे आणून देतं. आता तेच मूल जेवणाची ताटं मांडतंय असं समजा. आज जेवायला कोण कोण? आजी, आजोबा, आई, बाबा आणि तू. मग ताटं किती? तीन मांडून झाली, अजून किती हवीत? तेवढ्यात काका आले, आता काय करायचं? माणसाला एक ताट, शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळी मिळून संख्या, एक वाढला की पुढचा आकडा, हे गणिताचे मूळ नियम मुलाच्या हातून घडतात. ‘किती?’ विचारणारं कुणी नसेल, तर तीच ताटं मुकाट्यानं मांडली जातात आणि गणित तिथंच राहून जातं. अमेरिकेतल्या गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याला पुष्टी देतो. कमी उत्पन्नाच्या घरांतली चार-पाच वर्षांची मुलं एका ओळीत १ ते १० आकडे असलेल्या पटावर, साधारण आपल्या सापशिडीसारखा पण साप-शिड्या नसलेला खेळ खेळली. पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठका झाल्या, तरी मुलांची संख्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही. आकडेवाल्या खेळाची अट साधी होती: सोंगटी पुढे सरकवताना घरातला आकडा मोठ्यानं म्हणायचा, आणि चुकलं तर शेजारच्या मोठ्या माणसानं सांगायचं.

भाषेचंही असंच आहे. ब्रिटनमधले लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना शब्दांतले सारखे आवाज ओळखता येतात, ती पुढे वाचायला चांगली शिकतात. बडबडगीतं, टाळ्यांचे खेळ आणि यमकांची गंमत मुलाचा कान याच कामासाठी तयार करतात. मेथी निवडायला मुलाला शेजारी घेतलं, तर जाड देठ, कोवळं पान, पिवळं पडलेलं बाजूला, अशी वर्गवारी होते आणि शब्दही मिळतात. खुडताना बोटांना जे वळण लागतं, ते पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतं. हे बोलणं घरच्या भाषेत, मग ती मालवणी असो की अहिराणी, मोकळेपणानं व्हावं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत ‘हँड वॉश कर’ म्हणण्यानं मुलाला ना इंग्रजी मिळते ना मराठी.

खेळातून आणि बोलण्यातून शिकण्याचा हा विचार परदेशातून आयात केलेला आहे, असंही कुणी समजू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली, आणि शिक्षिका मुलांच्या अंगणात जाऊन बसू लागली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेलं. तिथं गुरं चारणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर भरली. साधनं फुकटची होती. पण ती वापरून मुलांशी बोलणारं माणूस मात्र काळजीपूर्वक तयार केलेलं होतं.

यावर पहिला आक्षेप असतो: लिहिता आलं नाही तर मूल पहिलीत मागे पडेल. ही भीती खोटी नाही, कारण काही शाळा प्रवेशाच्या वेळीच मुलाची परीक्षा घेतात. पण लवकर मिळालेली आघाडी टिकत नाही. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनात सारखीच आढळली. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात सोडत काढून सरकारी बालवर्गात घेतलेली मुलं वर्षअखेरीस अक्षरओळखीत पुढे होती. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मात्र सहावीत तीच मुलं सोडतीत नंबर न लागलेल्यांच्या मागे पडलेली दिसली. असं का झालं यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण बालवर्गातल्या अक्षरओळखीवरून मुलाचं पुढचं भवितव्य ठरवू नये, एवढं यातून नक्की कळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: खेळानं खरंच शाळेतलं गणित येतं का? एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या दिल्लीतल्या २१४ बालवाड्यांत दीड हजारांवर मुलांबरोबर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. संख्या आणि आकार यांच्या खेळांनी मुलांची अंदाजाची जाण वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीतल्या आकडेमोडीत त्याचा फायदा दिसला नाही. खेळाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हा निष्कर्ष लपवू नये. त्यातून शिकण्यासारखं आहे ते हेच, की खेळातली समज आपोआप शाळेच्या चिन्हांपर्यंत पोहोचत नाही. ‘हे पाच, आणि पाच असा लिहितात’ हे त्या क्षणी कुणीतरी जोडून द्यावं लागतं. मूल तयार असेल तेव्हा, पाच-सहा वर्षांच्या वयात, खेळाच्या ओघात अक्षर-आकडेही यावेत. तीन वर्षांच्या मुलाकडून पान भरून घेणं ही वेगळी गोष्ट झाली.

तिसरा प्रश्न वेळेचा. दोघं कमावणाऱ्या घरात हे करायचं कधी? स्वयंपाक, बाजार, कपड्यांच्या घड्या ही कामं तशीही होतातच. मुलाला सोबत घेतलं तर दहा मिनिटं जास्त लागतील. मात्र हा भार एकट्या आईवर टाकायचा नाही. बाबांनी आणि आजी-आजोबांनीही तो उचलायला हवा. कडधान्यं मोजायला दिली तर मोठ्यांनी समोर बसावं, कारण ती नाका-कानात जातात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांना मात्र ‘मुलाशी बोला’ असा उपदेश करणं अन्यायाचं आहे. त्यांच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक ठरलेली सेवा आहे. पण आहारवाटप, वजनं, नोंदी आणि सर्वेक्षणं यांतून सेविकेला मुलांबरोबर जमिनीवर बसायला वेळ उरायला हवा. सरकारला खेळातून शिक्षण मनापासून हवं असेल, तर तिच्यावरचं कागदकाम कमी करून तिला प्रशिक्षण आणि पुरेसा मोबदला द्यावा लागेल.

शाळांनी सहा वर्षांखालच्या मुलांना लेखी गृहपाठ देणं बंद करावं. तशी मागणी पालकांनीच करायला हवी, कारण वह्यांचा आग्रह त्यांच्या अपेक्षेवरच टिकून आहे. पुढच्या पालकसभेत ‘किती पानं झाली?’ हा प्रश्न बाजूला ठेवून विचारावं: मुलं आज काय खेळली, आणि त्या वेळी बाई त्यांच्याशी काय बोलल्या? जिथं याचं नीट उत्तर मिळेल, तिथं मूल शिकतंय असं खुशाल समजावं.