शेंगाचटणीवरचा खोटा आरोप

सोलापुरात आरोग्यावर बोलायला उभं राहिलं की चटणीला चार शिव्या घातल्याशिवाय भाषण पुरं होत नाही, अशी काही वक्त्यांची समजूत दिसते. मध्यंतरी असेच एक ज्येष्ठ आहारमार्गदर्शक (पदवी कशातली, हे निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं नव्हतं) ‘फिशर’ या विषयावर तासभर बोलले. गुदद्वाराच्या दुखण्यावर भर सभेत बोलायला धाडस लागतं. त्या धाडसाचं कौतुक. कौतुक इथे संपलं.

त्यांचं म्हणणं असं. सोलापूरकराला फिशर होतं ते जिभेमुळे. शेंगाचटणी आतून चिरत जाते, कडक भाकरी पोटात कडकच राहते, वर मटणाचा काळा रस्सा आणि सोलापूरचं ऊन. अंगात साठलेली उष्णता शेवटी खालून वाट काढते. तेव्हा तिखट बंद, ज्वारी बंद. मऊ भात, दूधपाव आणि साबुदाणा सुरू. ज्यांना हे जमत नाही त्यांनी आपल्या कर्माची फळं भोगावीत. फारच झालं तर लेसर आहेच, दहा मिनिटांचं काम.

आता हे सगळं एकेक करून पाहू.

गुदमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. त्याच्या खालच्या भागातलं अस्तर कातडीच्या जातीचं, आणि तिथली संवेदनाही कातडीसारखीच तीव्र. कोरडा, जाड खडा कुंथून बाहेर काढला की हे अस्तर फाटतं. दहापैकी नऊ वेळा ही चीर मागच्या बाजूला, अगदी मधोमध पडते. तिथे रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो. बायकांमध्ये, विशेषतः बाळंतपणानंतर, ती पुढच्या बाजूलाही दिसते. चीर पडली की आतला स्नायू, जो आपल्या इच्छेने हलत नाही, तो आवळून बसतो. आवळला की तिथलं रक्त आणखी कमी होतं आणि जखम भरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेदनेच्या धास्तीने माणूस शौच टाळतो, टाळलेला मल आतड्यात आणखी वाळतो, आणि तिसऱ्या दिवशी तीच चीर पुन्हा उघडते. शौचानंतर तास-दोन तास ठणका आणि कागदावर किंवा भांड्यात लालभडक रक्ताची रेघ, ही त्याची ओळख.

या साऱ्यात चटणी कुठे आली? वक्त्यांनी एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी होती. दुधावरून नुकत्याच वरणभातावर आलेल्या बाळालाही फिशर होतं. तान्ह्या मुलांच्या शौचात रक्त दिसण्याचं ते नेहमीचं कारण आहे. त्या बाळाने शेंगाचटणी नेमकी कुठल्या खानावळीत खाल्ली, ते त्यांनी सांगावं. बरं, इतिहास पाहावा तर तोही त्यांच्या बाजूने नाही. मिरची या देशात आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगिजांबरोबर. भुईमूगही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे सोलापूरची अस्सल चटणी हे दोन परदेशी पाहुणे उखळात लसूण-जिऱ्याबरोबर, तेल सुटेपर्यंत कुटून झालेलं प्रकरण. पण गुदद्वाराशी कात्रीने कातरल्यासारखी वेदना, म्हणजे परिकर्तिका, चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत नोंदलेली आहे. मिरची येण्याच्या कितीतरी शतकं आधी. तिथे तिचं ठळक कारण म्हणून येतं ते चुकीच्या पद्धतीने दिलेलं तीव्र रेचक. ज्या आयुर्वेदाच्या नावावर ‘उष्णता’ खपवली जाते, त्याच्याच ग्रंथांनी बोट दाखवलंय ते रोज रात्री कोमट पाण्याबरोबर घेतल्या जाणाऱ्या जहाल चूर्णाच्या दिशेने. जुलाबांच्या सततच्या माऱ्यानेही ते अस्तर चिरतंच.

तिखटाचा काहीच संबंध नाही, असं मात्र नाही. २००८ साली नागपुरातल्या एका शल्यचिकित्सकाने ताज्या फिशरच्या रुग्णांना आठवडाभर मिरचीपुडीच्या आणि आठवडाभर तशाच दिसणाऱ्या, मिरची नसलेल्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. आत्ता चाललंय ते कोणतं, हे रुग्णांना सांगितलेलं नव्हतं. मिरचीच्या आठवड्यात आग आणि दुखणं वाढलं. इटलीत २००६ साली मूळव्याधीच्या रुग्णांवर मिरचीची अशीच चाचणी झाली होती. तिथे फरक पडला नाही. म्हणजे मिरची आधीच पडलेल्या जखमेला झोंबते, पण जखम पाडत नाही. चीर भरेपर्यंत तिखट आवरावं, एवढंच त्यातून निघतं. वक्त्यांनी त्यातून शहराचं चारित्र्य काढलं.

आणि भाकरी! इथे मात्र थोडं थांबावंच लागेल. कडक भाकरी कडक असते, कारण ती पातळ थापून, भाजून, सुकवून तिच्यातलं पाणी काढलेलं असतं. म्हणून तर ती कित्येक दिवस टिकते. आमटीत किंवा दह्यात चुरली की पाहता पाहता मऊ पडते. ताटातला कडकपणा जसाच्या तसा शौचापर्यंत उतरतो हे शास्त्र मानायचं, तर चकली खाणाऱ्यांनी दिवाळीत सामुदायिक आक्रोश करायला हवा आणि श्रीखंड खाणाऱ्यांना पाडव्याला संडास गाठताही येऊ नये. मल कडक की मऊ, हे ठरतं त्यातल्या तंतूंवर आणि तंतूंनी धरून ठेवलेल्या पाण्यावर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू आहेत, शेंगदाण्यांतही तेवढेच. पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमपेक्षा कमी, मैद्यातही तीनपेक्षा कमी. साबुदाणा म्हणजे तर जवळपास निव्वळ पिष्ट. ज्या ताटात तंतू होते ते वक्त्यांनी उचलायला लावलं आणि ज्यात नव्हते ते वाढलं.

दूधपावाची शिफारस तर विनोदीच आहे. १९८८ साली डेन्मार्कमध्ये फिशरच्या रुग्णांच्या आहाराची निरोगी माणसांच्या आहाराशी तुलना झाली. कच्ची फळं, भाज्या आणि अख्ख्या धान्याचा पाव वारंवार खाणाऱ्यांना धोका कमी. पांढरा पाव, मैद्याने दाट केलेली सॉस आणि डुकराच्या मांसाचे सॉसेज वगैरे खाणाऱ्यांना जास्त. चहा, कॉफी आणि मद्य यांचा संबंध सापडला नाही. डेन्मार्कमध्ये, जाता जाता सांगायचं तर, शेंगाचटणी मिळत नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्याच एका चाचणीत, एकदा फिशर बरं झालेल्या ७५ जणांना वर्षभर तपासलं गेलं. रोज १५ ग्रॅम गव्हाचा कोंडा घेणाऱ्यांत १६ टक्क्यांना ते उलटलं, तर कोंडा नसलेली पूड घेणाऱ्यांत ६८ टक्क्यांना. पंधरा ग्रॅम कोंडा म्हणजे काही पोतंभर नव्हे. पीठ चाळून कोंडा गुरांना घालायचा आणि मग औषधाच्या दुकानातून तंतूंचा डबा आणायचा, हा उद्योग शहरभर चालू आहे. पण त्यावर व्याख्यानं होत नाहीत.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ३५-१ हा वाण याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला आणि पुढे रब्बीच्या ज्वारीत देशभर मान्यता पावला. अशा धान्याच्या गावात येऊन ज्वारी सोडा म्हणायचं आणि वर टाळ्याही घ्यायच्या, याला वक्तृत्व म्हणतात.

कडक भाकरीची एकच अडचण आहे, ती वक्त्यांच्या ध्यानात आली नाही. तिच्यात पाणी नसतं. ते वेगळं प्यावं लागतं. आणि सोलापुरात पाणी पिणं हा कित्येकांसाठी प्रश्नच आहे. उजनी धरण भरलेलं असतानाही वर्षानुवर्षं शहराला काही दिवसांआड पाणी आलं. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसला टेकतो. मोठ्या आतड्याचं कामच मुळी उरलेलं पाणी शोषून घेण्याचं. शरीर कोरडं पडलं की ते अधिक शोषतं आणि मागे खडा उरतो. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा असलेला कामगार घामाने निथळतो आणि माग बंद पडू नये म्हणून कळ दाबून धरतो. विड्या वळणाऱ्या बाईचं दुखणं वेगळं: सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बैठक, आणि वारंवार उठावं लागू नये म्हणून पाणीच कमी. सार्वजनिक संडासाची रांग किंवा त्याची अवस्था पाहून तीही शौच लांबवते. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्यात पिण्याचं पाणी आणि शौचालय बंधनकारक केलं; पण विड्या वळल्या जातात त्या बहुतांशी घरी, आणि घरात त्या कलमांचा काही उपयोग झाला नाही. हे सारं बाजूला ठेवून या बाईला ‘जिभेवर ताबा ठेव’ असं सांगायला बरंच शिक्षण लागत असावं.

चटणीसारखाच आरोप कमोडवरही होतो. परदेशी खुर्चीने भारतीय आतडी बिघडवली, उकिडवं बसणाऱ्याला असले रोग होत नाहीत, असा तो सिद्धांत. उकिडवं बसल्याने मार्ग सरळ होतो आणि कुंथावं कमी लागतं, हे खरंच. पण ज्या काळात अख्खं सोलापूर उकिडवंच बसत होतं, त्या काळातही ही चीर पडतच होती. पायाखाली छोटं स्टूल घेतलं तर कमोडवरही काम भागतं. त्यापेक्षा आत मोबाइल नेऊन अर्धा तास बसण्यावर कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

उरलेल्या मुद्द्यांना एकेक ओळ पुरे. ‘उष्णता’ थर्मामीटरला दिसत नाही. मटणात तंतू नसतात हे खरं, पण त्याबरोबर दोन भाकऱ्या आणि कांदा खाणाऱ्याला ते ठाऊक नसलं तरी चालतं. लेसर हे यंत्राचं नाव आहे, उपचाराचं नाही.

‘कर्माची फळं’ हे मात्र सोडून देता येत नाही. हे दुखणं लपवण्याचं मानलं जातं म्हणूनच माणसं आधी गल्लीतल्या पाटीकडे जातात. पाटीवर मूळव्याध, भगंदर आणि फिशर एका ओळीत असतात आणि तिन्हींवर एकच मलम, एकच सुई. मूळव्याध म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या. ती बहुधा दुखत नाही, नुसतं रक्त जातं. भगंदर म्हणजे पू वाहणारी नळी. फिशर म्हणजे चीर. जुनी झाली की तिच्या टोकाशी कातडीचा कोंब येतो, आणि तो ‘मोड’ समजून जाळला किंवा बांधला की मूळ चीर तशीच राहते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात मूळव्याध आणि भगंदर यांची नावं आहेत. त्या यादीतला रोग बरा करतो असा दावा औषधाने करायचा नसतो. पाट्या तरीही आहेत. लाज वाढवणारं प्रत्येक व्याख्यान त्या पाटीखालची रांग लांबवतं.

मग करायचं काय? फारसं काही चमकदार नाही. ज्वारी, बाजरी, न चाळलेलं पीठ, डाळी, पालेभाजी, पेरू. कमी पडलं तर इसबगोल, पण भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर तोही आत घट्ट बसतो. कळ आली की उठायचं. शौचानंतर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायचं. त्याने तो आवळलेला स्नायू सैल पडतो. नव्या चिरांपैकी जवळपास निम्म्या एवढ्यावर भरून येतात. सहा-आठ आठवडे होऊनही भरली नाही तर ती जुनी म्हणायची आणि डॉक्टरांकडून स्नायू सैल करणारं मलम घ्यायचं: डिल्टियाझेम, निफेडिपिन किंवा नायट्रोग्लिसरीन. शेवटच्याने डोकं दुखतं, आणि चाचण्यांत त्याने बरे झाले ते निम्म्याच्या आसपास. औषध नसलेल्या मलमानेही साधारण तिसरा हिस्सा बरा झाला होता. हे ऐकून कुणी टाळ्या वाजवणार नाही. बोटुलिनमची सुई हा पुढचा टप्पा.

शेवटी शस्त्रक्रिया. आतल्या स्नायूचा थोडासा भाग कापून तो कायमचा सैल करायचा, ही कल्पना जोहान्सबर्गच्या आयझेनहॅमर यांनी १९५१ च्या सुमारास मांडली. पुढे ती बाजूने, छोट्या छेदातून करू लागले. नव्वद टक्क्यांहून जास्त जुन्या चिरा त्याने भरतात. काहींना त्यानंतर वारा धरून ठेवणं अवघड जातं, क्वचित मलही. म्हणून बाळंतपणं झालेल्या बाईला किंवा आधी तिथे शस्त्रक्रिया झालेल्याला आधी नीट तपासावं लागतं. सोलापुरात सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या, सर्जरीच्या ओपीडीत हे रुग्ण नेहमीचेच. नुसते नितंब बाजूला करून पाहिलं तरी चीर दिसते. दुखत असताना बोट घालून तपासायचा आग्रह चांगला डॉक्टर धरत नाही.

चीर मागे-पुढे मधोमध नसून बाजूला असेल, एकापेक्षा जास्त असतील, किंवा असून दुखतच नसेल, तर ती साधी चीर नव्हे. तिथे क्षय, क्रोनचा आजार, सिफिलिस, एचआयव्ही, कर्करोग यांचा शोध घ्यावा लागतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या शौचात रक्त दिसलं, वजन उतरलं किंवा शौचाची रोजची सवय अचानक बदलली, तर चीर डोळ्यांना दिसत असली तरी मोठं आतडं दुर्बिणीतून तपासून घ्यायचं.