ठोके मोजायचे कशाने?

"काकू, मनगटावरचं घड्याळ घेऊ की छातीचा पट्टा?" सावद्याहून फैजपूर रस्त्याने पहाटे सायकल मारणाऱ्या शेजारणीने परवा विचारलं.

मैत्रिणींनो, पट्टा जुना. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ साली खेळाडूंसाठी बिनतारी यंत्र आणलं, ते पट्ट्याचंच. तो हृदयाचे विजेचे सूक्ष्म संकेत पकडतो. घड्याळ कातडीवर हिरवा उजेड टाकून रक्ताची लाट टिपतं. चालायला, सावकाश पळायला तेवढं पुरतं. सायकलवर मात्र हँडल घट्ट धरलेलं, रस्त्याचे हादरे, त्यात बांगड्या! आकडा हमखास घसरतो. वेगाचा सराव करायचा असेल तर पट्टाच घ्या. आतून ओला करून छातीखाली अंगाला चिकटून बांधायचा. तुमच्या मोबाइलला जुळतो का, हे दुकानातच बघून घ्या.

'२२० वजा वय' हा नुसता अंदाज, दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतातच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके फारसे वाढत नाहीत. उलट आपल्या मे महिन्यात त्याच वेगाला ते जास्त पडतात. आणि छातीत दुखलं, दम कोंडला तर आकडा कितीही चांगला असो, थांबा नि डॉक्टर गाठा. कामाच्या नादात आपण हे अंगावर काढतो.

मी अजून दोन बोटांवरच भागवते: मनगटावर १५ सेकंद मोजायचे, चारने गुणायचं. अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी लागते.

शेजारीण पट्टा घेतेय. "एवढे पैसे कशाला?" घरातून आलंच. "माझ्या जिवाला," म्हणाली ती.