आर्थरचा खोकला आणि आपली आठवण

आर्थर मॉर्गन हा अमेरिकेतला दरोडेखोर. साल १८९९. सेंट डेनिस नावाच्या शहरात त्याला खोकल्याची उबळ येते, ती थांबतच नाही आणि हा धिप्पाड गडी रस्त्यात कोसळतो. कुणी अनोळखी माणूस त्याला जवळच्या डॉक्टरांकडे पोहोचवतो. डॉक्टर तपासतात आणि सांगतात, क्षयरोग आहे. औषध नाही. कोरड्या, उबदार हवेच्या गावी जा, विश्रांती घ्या. आर्थर लडखडत बाहेर पडतो. रस्ता तोच असतो, माणसे तीच असतात. त्याच्या डोक्यात मात्र आजवर इतरांनी त्याला ऐकवलेली वाक्ये घुमू लागतात.

ही कादंबरी नाही आणि सिनेमाही नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या २०१८ साली आलेल्या व्हिडिओ गेममधला हा प्रसंग आहे. आर्थर आणि सेंट डेनिस दोन्ही काल्पनिक. पण आमच्या रुग्णालयातल्या पंचविशीच्या निवासी डॉक्टरांपैकी ज्यांनी हा गेम खेळला आहे, त्यांना हे दृश्य बारीकसारीक तपशिलांसह आठवते. क्षयरोगावरचे आमचे तास त्यांना तितके आठवत नाहीत, हे मी मास्तर म्हणून खेळीमेळीने नोंदवतो. असे का होते, हा प्रश्न मात्र चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. माणसाला काय लक्षात राहते आणि काय नाही, यावर आमचा निम्मा व्यवसाय उभा आहे.

ज्यांनी कधी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खेळताना मधेच बटणे निकामी होतात आणि पडद्यावर गोष्ट आपोआप पुढे सरकते. त्या तुकड्याला ‘कटसीन’ म्हणतात. १९८०च्या ‘पॅक-मॅन’मध्येही दोन टप्प्यांच्या मधे असे छोटे विनोदी तुकडे होते. ‘कटसीन’ हा शब्द रॉन गिल्बर्ट यांनी १९८७च्या ‘मॅनियाक मॅन्शन’च्या वेळी रूढ केला. आज काही गेममध्ये ही दृश्ये इतकी लांबतात की खेळणारा कंट्रोलर खाली ठेवून चहा करून येतो. ‘मेटल गिअर सॉलिड ४’च्या शेवटाकडची दृश्ये तासाभराहून अधिक चालतात. (पुढे काही गेमचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना ते अजून खेळायचे आहेत त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा.)

चित्र जितके हुबेहूब, तितके दृश्य मनावर ठसते, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. १९९७च्या ‘फायनल फॅन्टसी ७’मधली माणसे आज पाहिली तर ठोकळ्यांची वाटतात. तरी त्यातल्या एअरिथ या मुलीचा मृत्यू ज्यांनी शाळेत असताना पाहिला, ते आज चाळिशीतही त्याबद्दल बोलतात. ती प्रार्थनेला बसलेली असते, वरून सेफिरॉथ उतरतो आणि तलवार आरपार जाते. तिच्या केसांतला पांढरा मणी निसटतो, टप्पे घेत पायऱ्यांवरून पाण्यात पडतो. लगेच लढाई सुरू होते, पण लढाईचे जोशपूर्ण संगीत वाजत नाही. नोबुओ उएमात्सु यांनी तिच्यासाठी रचलेली हळवी धूनच वाजत राहते. खेळणाऱ्याने तोवर कित्येक तास तिला शस्त्रे दिलेली असतात, तिची ताकद वाढवलेली असते. ती सगळी मेहनत एका क्षणात मातीमोल होते. तिला परत जिवंत करण्याच्या युक्त्या आहेत अशा अफवा पुढे अनेक वर्षे फिरत होत्या. अशी कोणतीही युक्ती गेममध्ये नव्हती.

इथे शरीरात काय घडते, याचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. १९९४ साली कॅलिफोर्नियात लॅरी काहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना स्लाइड्स दाखवून एक गोष्ट सांगितली. एक मुलगा आईबरोबर वडिलांच्या कामाच्या ठिकाणी निघतो. एका गटाच्या गोष्टीत विशेष काही घडत नाही, दुसऱ्या गटाच्या गोष्टीत त्याला मोटारीची भयंकर धडक बसते. गोष्टीआधी काहींना प्रोप्रॅनोलॉल दिले होते, काहींना औषध नसलेली गोळी. प्रोप्रॅनोलॉल म्हणजे छातीची धडधड, हाताची थरथर, अर्धशिशी यांसाठी आम्ही रोज लिहितो ते साधे औषध. ते अ‍ॅड्रेनालिन आणि त्याच्या भावंडांचा परिणाम अडवते. आठवड्याने चाचणी घेतली. साधी गोष्ट दोन्ही प्रकारच्या लोकांना सारखीच आठवत होती. अपघाताची गोष्ट मात्र प्रोप्रॅनोलॉल घेतलेल्यांना साध्या गोष्टीइतपतच आठवली. इतरांना ती अधिक ठळक आठवत होती.

म्हणजे छातीत धडधडते तेव्हा मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जणू सांगतो, की हे नीट जपून ठेव. उत्क्रांतीच्या हिशेबाने हे शहाणपणाचेच आहे. वाघ कोणत्या पाणवठ्यावर भेटला हे विसरणारा माणूस फार दिवस टिकला नसता. या यंत्रणेला समोरचा वाघ खरा आहे की पडद्यावरचा, याने फारसा फरक पडत नाही.

पण धडधड सिनेमातही होते. ‘आनंद’ (१९७१) पाहून आमची पिढी रडली आणि मृत्यूनंतर टेपरेकॉर्डरमधून येणारा तो आवाज अजून कानात आहे. मग गेमच्या दृश्यात वेगळे काय? माझ्या मते, हात. आपण स्वतः केलेली कृती नुसत्या ऐकलेल्या कृतीपेक्षा चांगली लक्षात राहते. ‘बाटलीचे झाकण उघडा’, ‘पेन्सिल मोडा’ अशा साध्या सूचना काहींना फक्त ऐकवून आणि काहींकडून करवून घेऊन मानसशास्त्रज्ञांनी हे १९८०च्या दशकापासून वारंवार तपासले आहे. गेम खेळणारा तासन्‌तास हातांनी काहीतरी करत असतो. चालतो तो, वळतो तो, गोळी झाडतो तो. आणि नेमक्या मोक्याच्या क्षणी बटणे काढून घेतली जातात. एअरिथला वाचवण्यासाठी बोटे शिवशिवतात, पण बोटांना काम उरलेले नसते. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर जे असते, त्याची ही फार सौम्य नक्कल आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण २००४च्या ‘मेटल गिअर सॉलिड ३’मध्ये आहे. अंतिम लढाई संपलेली असते. जिने नायकाला घडवले ती गुरू, ‘द बॉस’, पांढऱ्या फुलांत निपचित पडलेली असते. दृश्य सुरू असते, पण एका जागी ते थांबते आणि वाट पाहते. बंदुकीचा चाप खेळणाऱ्यानेच ओढायचा असतो. बटण दाबल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. सिनेमात नायकाने कुणाला मारले तर आपण त्याला दोष देतो. इथे दोष द्यायला दुसरे कुणी नसते.

आर्थरच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून मला ते दृश्य सर्वांत वरचढ वाटते. त्याला क्षयरोग होतो तो थॉमस डाउन्स या कर्जदाराकडून. वसुलीसाठी आर्थर त्या खंगलेल्या माणसाला मारहाण करतो आणि डाउन्स त्याच्या तोंडावर रक्ताचा खोकला खोकतो. तिथवर आर्थरला नेणारा खेळणाराच असतो, आणि त्या वेळी या प्रसंगाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. नंतर कित्येक तास खेळून झाल्यावर निदान होते आणि मागचा तो किरकोळ प्रसंग एकदम डोळ्यांपुढे येतो. निदानानंतर आर्थरचे वजन घटते, त्याची प्रकृती पूर्वीपेक्षा भराभर खालावते, तो खोकतो. आजार दृश्यापुरता राहत नाही, तो पुढच्या खेळात उतरतो. पुढे रेल्वे स्टेशनवर एका जोगिणीपाशी तो कबूल करतो की आपल्याला भीती वाटते. रॉजर क्लार्क या अभिनेत्याने हे इतके संयत केले आहे की आमच्याकडच्या नाटकवाल्यांनीही पाहावे.

आता डॉक्टर म्हणून तक्रार. जे दृश्य मनात घट्ट बसते, त्यातली चूकही तितकीच घट्ट बसते. एकदा तोंडावर कुणी खोकले आणि काही महिन्यांत माणूस मरणपंथाला लागला, असे क्षयरोगात सहसा होत नाही. जंतू हवेतल्या सूक्ष्म कणांबरोबर श्वासातून फुफ्फुसात जातात. बहुधा त्यासाठी बंद जागेतला दीर्घ सहवास लागतो. लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण असेल तर धोका वाढतो. १८९९ साली औषध नव्हते हे मात्र खरे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२मध्ये जंतू दाखवला होता, पण स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडले. तोवर कोरडी हवा हाच सल्ला आपल्याकडेही होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधाम वयस्कर वाचकांना आठवत असेल. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवले की घरी राहून नियमित औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांइतकेच बरे होतात, आणि जगभरचे उपचार बदलले. पण हे लक्षात राहावे असे दृश्य कुणी रचले नाही. राज कपूरच्या ‘आह’पासून (१९५३) आपण क्षयरोगी नायकाला झुरताना पाहत आलो. सहा महिने गोळ्या घेऊन कामावर परत गेलेला नायक कुणी पाहिला आहे?

दुसरे उदाहरण २०१३च्या ‘द लास्ट ऑफ अस’चे. बुरशीची साथ येते, एली ही एकच मुलगी तिला पुरून उरते आणि डॉक्टर लस बनवण्यासाठी तिचा मेंदू काढायला निघतात. तिला न विचारता. ती बेशुद्ध असतानाच. सांभाळ करणारा जोएल शस्त्रक्रियागृहात घुसून तिला उचलून नेतो आणि नंतर तिच्याशी खोटे बोलतो. जोएल बरोबर की चूक, यावर तरुण तासन्‌तास भांडतात. वैद्यकीय नीतीच्या व्याख्यानात ‘संमती’ या विषयावर वर्गात इतका जोर मी कधी पाहिलेला नाही. जगातल्या एकमेव रोगप्रतिकारक्षम रुग्णाला पहिल्याच दिवशी मारून टाकणारे सर्जन आमच्याकडे एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेतही पास झाले नसते, हा भाग वेगळा.

पालक विचारतात, ‘डॉक्टर, मुलगा गेम बघून रडतो, हे व्यसन का?’ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या २०२२पासून लागू झालेल्या यादीत गेमिंगचा विकार आहे. पण त्याचे निकष निराळे आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे सहसा वर्षभर टिकणे. एखाद्या पात्राच्या मृत्यूने डोळे भरून येणे यात कुठेच बसत नाही. मुलगा झोपत नसेल, शाळा बुडवत असेल, तर जरूर घेऊन या.

आता ओपीडीकडे येतो, कारण आर्थरच्या दृश्यात मला खरा रस त्यासाठी आहे. निदान ऐकल्यानंतर आर्थरला डॉक्टरांचे पुढचे बोलणे धड ऐकू येत नसावे, असे वाटते. हे अगदी खरे आहे. तीव्र भावनेत मधली गोष्ट ठळक कोरली जाते आणि कडेच्या गोष्टी पुसट होतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीतला ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेचच विसरतात, असा अंदाज २००३च्या एका आढाव्यात दिला आहे. ‘टीबी’ हा शब्द कानावर पडला की बाई लेकराकडे बघते आणि त्यानंतर आम्ही सांगितलेले चार औषधांचे वेळापत्रक, थुंकीची तपासणी, घरच्यांची तपासणी, पोषण आहाराचे पैसे हे सगळे वाऱ्यावर जाते. बाहेर रांग असते. नर्स पुढचे नाव पुकारते. गेम बनवणाऱ्यांनी त्या शब्दानंतर आर्थरला काही मिनिटे फक्त चालू दिले. आमच्याकडे तेवढी जागाच नसते.

म्हणून मी वॉर्डात आग्रह धरतो: पहिल्या दिवशी तीनच गोष्टी सांगा. हा बरा होतो. गोळ्या रोज. पुन्हा या तारखेला या. मग गप्प बसा. पहिला डोस तिथेच रुग्णाच्या हातावर ठेवा, त्याच्याच हाताने घेऊ द्या आणि काय कळले ते त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. बाकीचे दुसऱ्या भेटीत. वेळ लागतो म्हणून निवासी डॉक्टर कुरकुरतात. एकाने विचारले, ‘सर, हे कोणत्या गाइडलाइनमध्ये आहे?’ शेजारच्याने उत्तर दिले, ‘सेंट डेनिसच्या.’

दुसऱ्या भेटीला रुग्ण येतो तेव्हा त्याचे प्रश्न बदललेले असतात. ताट-वाटी वेगळी ठेवू का, पोराला जवळ घेऊ का, भाचीच्या लग्नाला जाऊ का. ताट वेगळे नको, खोकताना तोंडावर रुमाल हवा. औषधांना दाद देणारा साधा टीबी असेल आणि गोळ्या चुकल्या नसतील, तर दोन-तीन आठवड्यांत इतरांना लागण होण्याचा धोका बराच उतरतो. लग्न पुढच्या महिन्यात असेल तर खुशाल जा, जेवा, फक्त गोळ्यांचे पाकीट बरोबर ठेवा, असे मी सांगतो.