रूळ पुसा म्हणे!

मॉडेलचं वाफेचं इंजिन अडखळलं की जाणकारांचं एकच पालुपद, "रूळ पुसा." अहो, किती पुसायचे? वीज रुळातून चाकात आणि चाकातून मोटारीत जाते, हे मलाही कळतं. पण प्लास्टिकचा गिअर आसावर तडकतो, तो काय रुळांचा दोष? जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं की चासी फुगून भेगाळते, त्याला तर इलाजच नाही. आणि जाहिरातीत कौतुक कशाचं, तर बारीक रिव्हेटांचं!

बँकेत आम्ही फाटकी नोट देऊन "खिसा साफ करा" म्हटलं असतं, तर खातेदाराने सोडलं असतं का?

पुण्याला कोथरूडमध्ये जोशींच्या संग्रहालयात १९९८ पासून छोट्या गाड्या लोकांसमोर धावतात. विकणाऱ्यानेही तसंच अर्धा तास चालवून दाखवावं, मग पैसे मागावेत. आम्हा निपाणीकरांच्या गावात खरी रेल्वे अजून नाही. टेबलावरची तरी धावू दे की हो!